एका कार्डावर दोघं

दोन वर्षं मिस्त्रीभाऊ आणि मी एकाच कार्डावर विमानानं फिरतो आहोत, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. आणि चुकीची आहे हे कळलं तेव्हा मी ते कार्ड सोडून दुसऱ्या कंपनीचं घ्यायच्या बेतात होतो.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. चंद्रपुरात एका ठेकेदाराकडे मी इंजिनिअर होतो. सिमेंट कारखान्याच्या भट्टीला आतून विटांचं अस्तर लागतं. ते ढासळलं की भट्टी थांबते आणि भट्टी थांबली की अख्खा कारखाना थांबतो. सुरुवातीला आमची धाव कोरपन्याकडच्या कारखान्यांपर्यंतच होती. पुढे मालकाचं नाव झालं आणि राजस्थान, गुजरात, आंध्र, कुठूनही फोन यायला लागले. मजुरांची टोळी रेल्वेनं मागून यायची. पण कुठलं अस्तर काढायचं, कुठलं ठेवायचं हे आधी जाऊन ठरवावं लागे, म्हणून मला आणि हेडमिस्त्रीला मालक नागपूरहून विमानानं पाठवायचा.

हे हेडमिस्त्री म्हणजे आमचे मिस्त्रीभाऊ. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, चंद्रपूरच्या परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आत राहणारे, बापजाद्यांपासून भट्ट्या बांधणारे. गोल भट्टीत विटांचा एकेक वेढा पुरा करताना शेवटची जी वीट ठोकून बसवतात तिला चावी म्हणतात. ती ढिली राहिली तर सगळा वेढा खाली येतो. चावी मिस्त्रीभाऊ दुसऱ्या कोणाला बसवू द्यायचे नाहीत. ठोकायचे, कान लावायचे, पुन्हा ठोकायचे. कागदावरचा नकाशा माझा असायचा, पण भट्टी टिकायची ती त्यांच्या कानावर. हे मला माहीत होतं, तरी ‘साहेब’ मीच होतो. विमानात मी खिडकीशी बसायचो, ते शेजारी.

आम्ही ज्या कंपनीच्या विमानानं जायचो तिनं मला एक कार्ड दिलं होतं. जितका प्रवास तितके पॉइंट, आणि पुरेसे पॉइंट साठले की फुकट तिकीट. असंच कार्ड मिस्त्रीभाऊंनाही काढा, असं नागपूरच्या काउंटरवरच्या मुलीनं सुचवलं होतं. मिस्त्रीभाऊंनी हात झटकला. फॉर्म भरा, सही करा, टपालाची वाट पाहा, हे कोण करणार. आपले पॉइंट साहेबांच्याच कार्डावर टाका, म्हणाले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दर वेळी मी दोन्ही तिकिटं आणि माझं एकच कार्ड पुढे करायचो आणि सांगायचो, दोघांचं यावरच घ्या. कोणी मान डोलवायचं, कोणी काहीतरी टाइप करायचं. नाही असं कोणी म्हटलं नाही.

असं करू नये हे मला सुचलं नाही, कारण मी तेंदूपानांच्या मुलखातला. माझं लहानपण कुरखेड्याकडच्या एका खेड्यात गेलं. उन्हाळ्यात पहाटे बायका जंगलात जायच्या, पानं आणायच्या, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायच्या आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागेवर, नेऊन मांडायच्या. मुन्शी पुडे मोजून कार्डावर लिहायचा. कार्ड घराला एकच. सासू, सून, पोरं, सगळ्यांची पानं त्याच एका कार्डावर. ज्याचं कार्ड नाही, त्याचे पुडे शेजाऱ्याच्या कार्डावर चढायचे आणि नंतर बोनस आला की आपसात वाटून घ्यायचे. कार्ड एकाचं आणि पानं चौघांची, यात आमच्या गावात कोणाला नवल वाटायचं नाही. इंजिनिअर झालो, टाय लावला, विमानात बसलो. पण कार्ड म्हटलं की डोक्यात फळीवरचंच कार्ड होतं.

विमान कंपनीची पत्रं मात्र कोरपन्याकडच्या एका कारखान्याच्या कॉलनीत मी पूर्वी राहायचो त्या क्वार्टरवर जात राहिली. पत्ता बदलून घ्यायचा आळस केला. हिशेब मी खिशातल्या डायरीत ठेवायचो, आणि प्रत्येक खेपेचा आकडा बिनदिक्कत दुप्पट लिहायचो.

दुसऱ्या वर्षी डायरीतला आकडा चांगला फुगला. एकदा गुजरातहून परतताना मी मिस्त्रीभाऊंना सांगून टाकलं की आता चार तिकिटं होतात. जाऊन येऊन, मुंबईची. दोन तुमची आणि भाभीची, दोन माझी आणि आईची.

मिस्त्रीभाऊंची मुलगी मुंबईला दिली होती. पण ते मुलीबद्दल बोलले नाहीत. बायकोबद्दल म्हणाले, "तिले एकदा खिडकीजवळ बसवाचं आहे, साहेब. मी घरी गेलो का इचारते, वरतून ढग कसे दिसते. आता काय सांगू तिले?"

मला वाटलं, शब्दात सांगता येत नसेल, म्हणून म्हणत असतील. मी म्हटलं, नक्की बसवू. घरी येऊन आईलाही सांगितलं. आईनं काही मागितलं नव्हतं, पण मीच गल्लीभर करून ठेवलं की आमची आई आता विमानात बसणार. आमच्या गल्लीत विमान म्हणजे वरून जाताना लेकरांनी टाटा करायची वस्तू. तिथं माझा भाव उगाच वाढला, आणि तो मला आवडला हेही सांगून टाकतो.

त्याच सुमारास नव्या विमान कंपनीनं नागपुरात काउंटर मांडलं. विमानं नवी, वेळा सोयीच्या. तिथल्या माणसानं मला चहा पाजला आणि योजना समजावली. तुमच्या जुन्या कंपनीचा ताजा उतारा आणून दाखवा, इतका प्रवास असेल तर आम्ही तुम्हाला पहिल्या दिवसापासून सोनेरी कार्ड देतो. मुंबई-दिल्लीला बसायला वेगळी खोली, खायला फुकट, सामान दहा किलो जास्त. आमच्या हातोड्यांच्या, पहारींच्या वजनावरून दर वेळी काउंटरवर हुज्जत व्हायची, त्यामुळे दहा किलोंनी मला तिथंच गार केलं. शिवाय सोनेरी रंग. वेगळ्या खोलीत एकालाच सोडतात आणि मिस्त्रीभाऊ बाहेर बाकड्यावर बसतील, हे मला पार नंतर सुचलं.

अडचण एवढीच होती की जुने पॉइंट नव्या कार्डावर जात नव्हते. शिवाय ते वर्षाअखेर वापरले नाहीत तर बुडणार होते. मी ठरवलं, आधी चार तिकिटं काढून जुनं खातं रिकामं करू, मग बिनघोर नवं कार्ड घेऊ. उताऱ्यासाठी ऑफिसातून जुन्या कंपनीला फोन लावला.

फोनवरच्या बाईंनी आकडा सांगितला. माझ्या डायरीच्या बरोबर निम्मा. मी म्हटलं, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. मी आवाज चढवला, दोन वर्षं दोघांचे पॉइंट या कार्डावर घातलेत म्हणून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, एका कार्डावर एकच प्रवासी. नाव जुळत नाही म्हणून दुसऱ्याचा प्रवास आपोआप गळून पडतो. त्या दुसऱ्या गृहस्थांचं स्वतःचं कार्ड असतं तर त्यांना मिळाले असते. आता मागचं काही करता येत नाही.

फोन ठेवला. बाईंचा राग आला, कंपनीचा आला, काउंटरवर मान डोलवणाऱ्या सगळ्यांचा आला. स्वतःचा यायला थोडा वेळ लागला. खात्यात दोन तिकिटं होती, आणि ती देऊ केली होती चौघांना.

मग डोकं नको त्या दिशेला चाललं. कंपनीच्या नियमानं बघितलं तर ही दोन तिकिटं माझ्याच प्रवासाची होती. मिस्त्रीभाऊंचा त्यात एकही पॉइंट नव्हता. मी आईला घेऊन मुंबई करून आलो, नवं कार्ड घेतलं आणि मिस्त्रीभाऊंना सांगितलं, जुन्या कंपनीनं योजनाच गुंडाळली, आपले पॉइंट बुडाले, आता नव्या कंपनीत पुन्हा पहिल्यापासून साठवू, तर त्यांना खरंखोटं कळायला मार्ग नव्हता. कंपनी बदलणं हे किती सोयीचं कारण आहे, हे त्या दुपारी माझ्या ध्यानात आलं. कोणाला वाईट वाटणार नाही, कोणाची चूक निघणार नाही. निदान माझी तरी नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी आईला सांगितलं की दोन तिकिटं तयार आहेत, तुझं आणि माझं. आई सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "आन मिस्त्रीचे?"

मी सगळं सांगितलं. निम्मा आकडा, फोनवरच्या बाई, नाव जुळत नाही, सगळं. आणि त्यांना काय सांगायचं ठरवलंय तेही सांगितलं. आईशी खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिनं ‘बरोबर आहे’ म्हणावं अशी इच्छा होती.

आईनं सूप खाली ठेवलं. गावी आमच्या घराला लागून एक बाई राहायची, तिची आठवण आहे का म्हणून विचारलं. मला आठवण होती. तिचा नवरा लवकर गेला. मी तिला मावशी म्हणायचो. नवऱ्याच्या नावाचं तेंदूचं कार्ड बंद झालं आणि नवं झालं नाही, म्हणून एक उन्हाळाभर तिचे पुडे आईच्या कार्डावर चढले होते. हेही मला अंधुक माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

आई म्हणाली, "बोनस आला तं कमी आला. मुन्शीनं पुरे पुडे लिहिलेच नोयते. कोनाचे सुटले, तिचे का माहे, कोनाले मालूम? मी माहे पुरे धरले. तिले सांगतलं, बाई, तुहे पुडे लिहिलेच नाई."

मी विचारलं, मग ती काय म्हणाली.

"काई नाई म्हनलं. पुढल्या साली ते दुसऱ्या फळीवर गेली. दोन कोस. डोक्शावर भारा घेऊन माह्याच दारावरून जाये."

ते मला लख्ख आठवत होतं. भर उन्हातून मावशी आमच्या दारावरून जायची, आणि ती दिसली की आई अंगणातून उठून आत जायची. मावशी आता आपल्याकडे का येत नाही म्हणून मी एकदा विचारलं होतं आणि आई माझ्यावर रागावली होती. वीस-पंचवीस वर्षं ती हे पोटात घेऊन बसली होती. धम्मवंदना चुकवत नाही, कोणाचं एका पैशाचं देणं लागत नाही, अशी माझी आई. मला तिचा राग आला नाही. फार वाईट वाटलं, आणि आपण तिच्याचसारखे निघालो याची लाजही वाटली.

आईनं पुन्हा सूप उचललं. "तिकिटा त्यायले देऊन टाक, बाबू. मले विमानात बसून कुठी जाचं आहे?"

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीभाऊंच्या घरी गेलो. बैठकीतच एक नवी कोरी निळी सूटकेस उभी होती, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढली नव्हती. भाभींनी चहा आणला आणि विमानात आंब्याचं लोणचं नेऊ देतात का, असं विचारलं. मुलीसाठी बरणी भरून ठेवली होती. बिस्किटांचा एक डबाही त्यांनी मला उघडून दाखवला. मिस्त्रीभाऊंच्या दोन वर्षांच्या बोर्डिंग पासच्या चिठोऱ्या त्यात नीट रचून ठेवल्या होत्या, कोणी पुरावा मागितला तर असावा म्हणून. ते बघून मी चहाचा कप खाली ठेवला.

मी दोघांना समोर बसवून सांगितलं. चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुमचा एकही प्रवास माझ्या कार्डावर चढलेला नाही.

मिस्त्रीभाऊ भट्टीत विटेला कान लावतात तसे मान वाकडी करून ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्या नावावर नाई गेले. माह्या नावावर तं कार्डच नाई. मंग दोन साल मी बसलो ते गेलं कुठी, साहेब?"

मी एवढंच म्हटलं की कुठंच गेलं नाही, नुसतं गळून पडलं. पण माझ्या खात्यात दोन तिकिटं आहेत आणि ती तुमची आहेत.

ते नको म्हणाले. तुमची आई जाणार होती, सगळ्या गल्लीला माहीत आहे, म्हणाले. गल्लीचं नाव निघाल्यावर मला ओशाळल्यासारखं झालं. आईनंच पाठवलंय म्हणून सांगितलं, तरी ते मान हलवत राहिले. शेवटी मी मावशीची गोष्ट सांगितली. आईला विचारून सांगितली नव्हती, पण दुसरं काही सुचेना. भाभी पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या.

"तुमच्या मायनं म्हटलं असन तं मंग नाई म्हनता येत नाई," मिस्त्रीभाऊ म्हणाले.

तिकिटं काढायला मी स्वतः नागपूरला गेलो. दोन्ही नावं तीनतीनदा वाचून घेतली. खात्यात काहीच उरलं नाही. भाभींना खिडकीची जागा द्या, असं काउंटरवर लिहवून घेतलं आणि लोणच्याची बरणी सूटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून ठेवा म्हणून निरोप दिला. ते गेले त्या दिवशी गल्लीत दोघांतिघांनी मला विचारलं, आईचं काय झालं. मी म्हटलं, तिनं आपलं तिकीट दुसऱ्याला दिलं.

मग मी कंपनी बदलली. जुनीवर राग होता म्हणून नाही. जुनीत आता काही शिल्लक नव्हतं आणि नव्या कंपनीच्या वेळा खरोखरच चांगल्या होत्या. माझा एकट्याचा प्रवास सोनेरीला पुरला नाही, त्यामुळे साधं निळं कार्ड मिळालं. या वेळी काउंटरवर मी दोन फॉर्म मागितले. मिस्त्रीभाऊंनी नाव, बापाचं नाव, पत्ता, सगळं सावकाश सांगितलं आणि सही ठळक केली. त्यांच्या नावाचं कार्ड टपालानं घरी आलं तेव्हा भाभींनी ते बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं, आणि पुढच्या खेपेला ते काढून आणायला मिस्त्रीभाऊंना परकोटापर्यंत माघारी जावं लागलं.

त्या खेपेला आम्ही हैदराबादला निघालो होतो. मुंबईहून परत आल्यापासून ते टोळीच्या गडबडीत होते, नीट बोलणं झालंच नव्हतं. विमानात बसल्यावर मी विचारलं, भाभींना ढग आवडले का.

मिस्त्रीभाऊ हसले. "तिनं डोयेच नाई उघडले. जाताना नाई, येताना नाई. माहा हात असा धरला का आंगठी रुतली. मी आपला तिच्या वरतून वाकून पाहे आन कानात सांगत जाये. आता खाली नदी आहे, आता पांढरं पांढरं आहे, आता उन्ह पडलं त्याच्यावर. आता सगळ्या मोहल्ल्याले सांगून राह्यली, जसं तिनंच पाह्यलं."

मला हसू आलं. मी म्हटलं, म्हणजे एवढं करून खिडकी वायाच गेली की.

"वाया काऊन जाते, साहेब?" मिस्त्रीभाऊ म्हणाले. "मी तरी कुठी पाह्यले होते ढग? दोन साल खिडकीजवळ तं तुम्हीच बसले."

ते चिडून म्हणाले नव्हते. वीट ठोकून झाल्यावर ‘बसली’ म्हणतात, तितक्याच साधेपणानं म्हणाले. माझ्या डाव्या हाताला खिडकी होती आणि बाहेर नागपूरची धावपट्टी हळूहळू सरकायला लागली होती. उठून जागा बदलावी असं फार वाटलं, पण पट्टे बांधून बसा अशी सूचना होऊन गेली होती.